हार आधी, हिशेब नंतर

"पाय वर घ्या, मास्तर."

गाडी सुरू करण्याआधी काकूंचं हे वाक्य ठरलेलं. वाशीमला माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं आणि माझ्यावरचा विश्वास उडाला. गाडी थांबली की त्या आधी माझ्या पायांकडे बघायच्या. "आता कोनं थांबोली? तुमी का मी?" शेवटी मी सीटवर मांडी घालून बसू लागलो. शिकाऊ माणसाशेजारी तुम्ही कधी असे बसला असाल, तर माझी अवस्था तुम्हाला समजेल.

काकू अनसिंगच्या. साठीला टेकलेल्या, उंच, आवाज मोकळा. काका गेल्यावर शेती त्याच बघायच्या. माल विकायला मोंढ्यावर जायचं असो की माहेरी, धाकट्या दिराची गाडी मागावी लागे. दीर नाही म्हणत नसे, पण कुठं, कशाला, केव्हा परत, हे सगळं विचारी. एका वर्षी हळद चांगली पिकली आणि काकूंनी ठरवलं, गाडी आपलीच घ्यायची आणि आपणच चालवायची.

शोरूम बघायला त्या मला घेऊन गेल्या. टाय लावलेला सेल्समन धावत आला. "या मावशी, बसा. चहा, थंडा?"

"काही नोको."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "चहा का नाही घेतला?"

"त्याचा चहा पेला का मंग त्याले नाही म्हनता येत नाही."

तेवढ्यानं भागलं नाही. थोडं चालल्यावर त्या थांबल्या. "अन् तुमाले किती भेटते याच्यातून?"

गिऱ्हाईक आणलं की शोरूमवाले आम्हा मास्तरांना काहीतरी देतात. मलाही देऊ केलं होतं. मी घेत नाही, असं सांगितलं. काकूंनी मान हलवली. विश्वास बसल्यासारखी नव्हे, ऐकून ठेवल्यासारखी.

गाडी ठरली. सेल्समननं बोटांवर मोजून सांगितलं, टॅक्स, विमा, पासिंग, सगळं यातच आलं. काकूंनी तेच पुन्हा त्याच्या मॅनेजरकडून वदवून घेतलं.

गाडी मिळायच्या दिवशी शोरूमनं थाट केला होता. गाडीवर लाल कापड, झेंडूचा हार, पेढ्यांचा डबा, फोटोवाला. दीर, जाऊ, गावातली चार माणसं नवे कपडे घालून आलेली. जावेनं गाडीला कुंकू लावलं, नारळ फुटला, आणि मग मॅनेजरनं काकूंना हळूच केबिनमध्ये बोलावलं. मी सोबत गेलो.

"मावशी, थोडं बाकी आहे. हँडलिंग चार्ज, पॉलिशचं कोटिंग, आणि सीट कव्हरचं किट."

"कोनं सांगतलं होतं बसवाले?"

"सगळेच घेतात. आता बसवून झालं, काढता येत नाही."

दीर दारातून डोकावला. "वहिनी, देऊन टाका न. लोकं उभे हायत बाहीर."

"त्याच्यासाठीच तं उभे केले यायनं," काकू म्हणाल्या. "हार आंदी घातला अन् हिशेब मंग सांगतला. काहून? बाई चार लोकांत लाजन म्हनून."

मॅनेजर हसला. जरा वेळानं म्हणाला, "बरं, तुमच्यासाठी हे सगळं सोडलं."

मला वाटलं, जिंकलो. काकूंचा चेहरा मात्र आणखीच आवळला. "एवढ्या लवकर सोडलं?" त्या उठल्या आणि थेट गाडीत जाऊन बसल्या. सीटवर प्लास्टिक होतं, मीटर जवळजवळ कोरा. त्यांनी सीटबेल्ट धरला आणि ओढत, ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला. एरवी आत गुंडाळलेला राहणारा भाग काळा, तुळतुळीत झाला होता. त्यांनी तो नाकाशी नेला.

"मास्तर, पाहा बरं."

मी वाकून क्लचच्या पेडलचं रबर पाहिलं. एका बाजूनं झिजलेलं. ही गाडी फिरली होती, बरीच फिरली होती; मीटर नुसता मागे फिरवलेला.

"यार्डात उभी होती, मावशी. धूळ बसते," मॅनेजर म्हणाला.

"धुळीले घामाचा वास येते का?"

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. काकूंनी गाडीवरचा हार काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवला आणि भरलेले पैसे परत मागितले.

परतताना त्या माझ्या गाडीत बसल्या. अनसिंगच्या अलीकडे एकदम डोळे पुसले. "गावात सांगून आल्ती न मी, आज गाडी आनतो म्हनून." मी गाडी हळू केली.

पैशासाठी शोरूमवाले आज-उद्या करू लागले, तशा काकू रोज एसटीनं येऊन त्यांच्या सोफ्यावर बसू लागल्या. दारातून आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या गोड आवाजात सांगत, "पट्टा पुरा ओढून पाहा बाप्पा." आठवड्याच्या आत सगळे पैसे परत आले. गाडी अकोल्याहून घेतली. तिथं त्यांनी किती गाड्यांचे पट्टे ओढले ते विचारू नका.

मग एक दिवस त्या हळदीची पिशवी घेऊन स्कूलवर आल्या. "घरची हाय. हुंगून पाहून घ्या." मी न हुंगता ठेवून घेतली, तर रागावल्या. "असे कसे हो तुमी? कोनी बी फसवन तुमाले." नंतर दारातूनच म्हणाल्या, "तुमी पैसे खाल्ले नसन. मी आपलं इचारत असतो."

मागच्या उन्हाळ्यात काकू झोपेतच गेल्या.

त्याच्या थोडं आधीची गोष्ट. मी विद्यार्थ्याला घेऊन त्याच शोरूमवरून चाललो होतो. समोर काकूंची गाडी उभी. मागच्या दारातून अनसिंगच्या तीन बायका उतरल्या. त्यांच्यातल्या एकीला स्कूटी घ्यायची होती. काकूंनी गाडी लॉक केली, दार ओढून खात्री केली, पदर कमरेला खोचला.

"आता तुमी कोनी बोलू नोका," त्या म्हणाल्या. "आंदी मी इचारतो."

काचेच्या दारामागे टायवाला सेल्समन खुर्चीतून उठताना दिसला. तो हसत नव्हता.