दोऱ्याने कापलेली उकड

हॅम्बर्गच्या बंदरातल्या फेरीबोटीत तो रुमानियन वेल्डर रोज माझ्यासमोर बसायचा. डब्यातली मक्याची घट्ट उकड तो खिशातल्या दोऱ्याने कापायचा; त्याच्या गावी म्हणे तिला सुरी लावतच नाहीत. एक वडी माझी ठरलेली.

"तुर्क आले, हंगेरियन आले, रशियन आले," तो ऐटीत सांगायचा, "पण आम्ही रोमनांची भाषा सोडली नाही!"

एकदा मी कुरकुरलो, की लेक माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तरं देते.

"पण भांडते कुठल्या भाषेत?"

मी आठवून पाहिलं. "अरेच्चा, मराठीत!"

तो खदाखदा हसला. मग एक जास्तीची वडी कापून त्याने माझ्या हातावर ठेवली.

"तिला दे. आमचा पोरगा भांडतोसुद्धा जर्मनमध्येच."