येगोरचा तारा

आमच्या जिन्यावर समोरासमोर दोन दारं आहेत. एक माझं, दुसरं इराइदा पावलोव्हनांचं. एकतीस वर्षं त्यांनी किनेश्म्यातल्या कापडगिरणीत कामगारांची कार्डं सांभाळली. कोण कधी लागला, कोणाला कधी काढलं, कोणाला बाळंतपणाची रजा मिळाली, सगळं त्यांच्या कपाटात. गिरणी बंद पडली, कपाटं भंगारात गेली, पण बाईंची सवय काही गेली नाही. नवा माणूस भेटला की त्या आधी त्याचं जन्मवर्ष विचारतात, चहा नंतर.

निवृत्त झाल्यावर त्यांनी युद्धातल्या पदकांचा नाद धरला. नाद म्हटलं की चिडतात. "नाद तुमचा, तिखोन सावेलिच, मासे धरायचा. हे माझं काम आहे." काम म्हणजे असं: कोणाच्या तरी घरात खण आवरताना आजोबांची पदकं निघतात. आजोबा शूर होते एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. कुठे आणि कशासाठी, ते कोणालाच नाही, कारण आजोबांनी तोंड उघडलेलं नसतं. मग लोक बाईंकडे येतात. मोठ्या पदकांच्या मागे नंबर असतो, तो बाई भिंगातून वाचतात. सैन्याच्या जुन्या याद्या हल्ली संगणकावर मिळतात. ज्याला पदक दिलं त्याने काय केलं होतं, हे अधिकाऱ्याने एका कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद शोधून बाई घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवतात. मोबदला म्हणून कोणी मुरंब्याची बरणी आणली तर घेतात, तीही कुरकुरत.

माझं काम गाडी चालवायचं. जन्मभर मी बसच चालवली. दहा लाख किलोमीटर बिनअपघात झाले तेव्हा आगाराने बिल्ला दिला आणि रिवाजाप्रमाणे तो आम्ही धुतला. ग्लासात बिल्ला टाकायचा, वर काठोकाठ वोडका, एका दमात तळापर्यंत प्यायची आणि बिल्ला दातांनी उचलायचा. न धुतलेलं पदक लाभत नाही म्हणतात. माझा पुढचा दात त्या दिवशी तुटला. बाई अजून मला "बिनअपघात" म्हणूनच हाक मारतात.

दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत फाइना येगोरोव्हना आल्या. पलीकडच्या इमारतीत राहतात, बालवाडीत स्वयंपाकीण होत्या, वय एकोणसत्तर. कोट न काढताच बसल्या आणि टेबलावर चहाचा एक पत्र्याचा डबा ठेवला. आत रुमालात गुंडाळलेला लाल तारा, म्हणजे शौर्याचं पदक होतं, आणि त्याच्यासोबत पदकांचे नंबर नोंदलेलं सैन्याचं लहानसं पुस्तक.

"ह्याच्या मागचा नंबर बघा, आणि मग पुस्तकातला बघा," त्या म्हणाल्या.

बाईंनी भिंग लावलं. ताऱ्यावर ९४६३१७. पुस्तकात ९४६३२२.

"मला हे सदतीस वर्षं माहीत आहे," फाइना म्हणाल्या. "बाबा एकोणऐंशीत गेले. नऊ मेला, विजयदिनाला, बाकीची पदकं लावायचे, हा तारा कधीच नाही. जायच्या आदल्या दिवशी म्हणाले, फान्या, तारा माझा नाही. ज्याचा त्याला द्यायचा राहिला. बस्स, एवढंच. पुढे बोलले नाहीत."

"मग?"

"मग काय? आमच्या गल्लीत एक जण होता. मेलेल्या शिपायांची घड्याळं काढून आणली होती त्याने. आम्ही मुलं त्याच्या खिडकीवर दगड मारायचो. मीसुद्धा मारलेत." त्यांनी रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. "आता नात मागे लागलीय. आजी, यंदा मिरवणुकीत पणजोबांचा फोटो घेऊन चालू या. तो फोटो मी कपाटात पालथा ठेवलाय, बाई. बाबांनी मेल्या माणसाच्या छातीवरून हा काढला असेल तर मी फोटो कुठल्या तोंडाने धरू? चालू की नको, तेवढंच सांगा मला."

त्या गेल्या आणि मी बाईंना म्हटलं, "सांगून टाका, कारकुनाची चूक आहे म्हणून. म्हातारीला झोप लागेल."

"आणि तिने विचारलं, कागद दाखवा, तर?"

"तुमच्या शब्दावर कोण कागद मागणार आहे?"

"म्हणूनच मी तसा शब्द देत नाही, बिनअपघात."

"आणि खरंच मेल्या माणसाचा निघाला तर?"

"तर तसं सांगेन."

माझं डोकंच फिरलं. एवढ्या वयात एका बाईच्या हातात तिच्या बापाची चोरी द्यायची, आणि वर त्याला काम म्हणायचं! चार दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. ते चार दिवस मला माझ्याच हातचं सूप प्यावं लागलं, म्हणजे शिक्षा कोणाला झाली ते बघा.

पाचव्या दिवशी बाईंनीच दार ठोठावलं. हातात कागद होते. "दोन नंबरांत फरक किती?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"हे तारे पेटीत भरून यायचे, ओळीने. पाचाचा फरक म्हणजे एकच पेटी, एकच दिवस, बहुधा एकच पलटण. रणांगणावर कुठल्याही मेलेल्याच्या छातीवरून तारा काढला आणि तो नेमका आपल्याच पेटीतला निघाला, असं होतं का?"

"होत नसेल. पण झालंच नसेल असंही नाही."

"बरोबर. म्हणून अजून फाइनाला काही सांगितलेलं नाही."

मग त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. चव्वेचाळीसच्या जुलैत बेलारूसमध्ये पूल बांधणाऱ्या तुकडीतल्या अकरा जणांना लाल तारा मिळाला होता. त्यातल्या नऊ जणांचे मजकूर वेगवेगळे होते. फाइनाचे वडील येगोर सिचोव्ह आणि कोणी मिंगाली झारिपोव्ह, ह्या दोघांचा मात्र शब्दन् शब्द एकच: गोळीबार चालू असताना छातीभर पाण्यात उभं राहून तुळई खांद्यावर धरली, रणगाडे पार होईपर्यंत सोडली नाही.

"कारकुनाने कंटाळून उतरवून काढलं असेल," मी म्हटलं.

"एकतीस वर्षं मी कारकूनच होते. आम्ही कंटाळून उतरवतो ते दोन माणसं एकाच जागी एकच काम करत असतात तेव्हा. ही एकच तुळई होती. एक टोक ह्याच्या खांद्यावर, दुसरं त्याच्या." मग आवाज जरा खाली आला. "आता हा मिंगाली त्या जुलैतच मेला नसला म्हणजे मिळवली."

मृतांच्या याद्यांत त्याचं नाव सापडलं नाही. पण याद्यांत नाव नाही म्हणजे माणूस जगला असं होत नाही, हे बाईंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. कागदावर त्याचं गाव होतं, कामा नदीकाठच्या चिस्तोपोलजवळचं. तिथल्या शाळेच्या पत्त्यावर त्यांनी पत्र टाकलं: झारिपोव्हांपैकी कोणी असेल तर ताऱ्याची मागची बाजू बघून नंबर कळवावा, आणि येगोर सिचोव्ह हे नाव घरात कधी ऐकलं होतं का तेही.

मार्च गेला. व्होल्गेवरचा बर्फ फुटला. फाइना रोज बाजारातून येताना आमच्या खिडकीकडे बघायच्या, बाई मान हलवायच्या, त्या पुढे जायच्या. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी त्या वेळी मुद्दाम न्हाणीघराचा नळ दुरुस्त करायचो. नळाला काहीही झालेलं नव्हतं.

एप्रिलच्या बावीस तारखेला पाकीट आलं. बाईंनी ते माझ्यासमोर स्वयंपाकघरात उघडलं. आत एक फोटो होता, ताऱ्याच्या मागच्या बाजूचा. त्यांनी भिंग लावलं, काढलं, परत लावलं, आणि मग खुर्ची न बघताच बसल्या. मी खुर्ची सरकवली म्हणून बरं.

"९४६३२२," त्या म्हणाल्या. "वाचा तुम्हीच. मला दिसत नाहीये."

पत्र मिंगालीच्या मुलाचं होतं, इल्गिझ मिंगालीविचचं. मी वाचायला लागलो.

"नमस्कार. येगोर हे नाव ऐकलं होतं का, असं विचारता? आम्ही दर नऊ मेला दुसरं काही ऐकतच नव्हतो. तारे मिळाले त्या दिवशी तुकडीत प्यायला पत्र्याचा मग एकच होता. आमचे वडील पीत नसत, घरातून निघताना आईने शपथ घातली होती. येगोर म्हणाला, न धुतलेला तारा टिकत नाही, मिंगाली, आण इकडे, तुझ्या वाटचीही मीच पितो. दोन्ही तारे एकाच मगात टाकले, वर काठोकाठ वोडका. येगोरने तो मग खाली न ठेवता रिकामा केला, दोन्ही तारे दातांनी काढले, एक वडिलांच्या छातीवर लावला, एक स्वतःच्या. नंबर कोण बघतो? एक प्यायलेला, दुसरा हसून हसून गवतात लोळत होता. दुसऱ्या दिवशी येगोर जखमी होऊन इस्पितळात गेला. नंबर चुकल्याचं पुढे कारकुनाच्या लक्षात आलं. तो म्हणाला, गप्प बस, नाहीतर दोघांची चौकशी लागेल. वडील गप्प बसले. युद्ध संपल्यावर त्यांनी येगोरला शोधलं, पण त्यांना एवढंच माहीत होतं की तो व्होल्गेकाठचा आहे, आणि व्होल्गा केवढी लांब! अठ्ठ्याण्णवमध्ये वडील गेले. त्याआधीच्या मेमध्येसुद्धा तारा लावला होता. म्हणायचे, हा येगोरचा आहे, तो कुठेतरी माझा लावून चालत असेल, मग मला ह्याचा लावायलाच हवा."

मी पत्र खाली ठेवलं. येगोरने आपला नाही म्हणून डब्यात ठेवलेला तारा मिंगालीचा, आणि येगोरचा स्वतःचा मात्र चिस्तोपोलच्या रस्त्यावर दरवर्षी उजळ माथ्याने फिरत होता.

बाई उठल्या आणि घरातल्या सपाता घालूनच चिखलातून पलीकडच्या इमारतीकडे निघाल्या. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांचे बूट हातात घेऊन मी मागून.

फाइनाने सगळं उभ्यानेच ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे चोरला नाही?"

"नाही."

"मेलेल्याचाही नाही?"

"त्यानंतर चोपन्न वर्षं जगला तो."

"आणि हे सगळं वोडकेपायी?"

"दोघांच्या वाटची एकट्याने प्यायल्यापायी," मी म्हटलं.

त्या हसायला लागल्या. भिंतीला टेकून, तोंडावर हात धरून हसल्या, आणि त्यातच कधी रडायला लागल्या ते कळलं नाही. "छातीवर ठेवलेला दगड उतरला हो," त्या म्हणाल्या. "पण मी सदतीस वर्षं बाबांना कपाटात पालथं ठेवलं." बाईंनी त्यांना जवळ घेतलं. असल्या गोष्टीला कार्डात रकाना नसतो. मलासुद्धा इतकं हलकं वाटत होतं की बुटांचा चिखल त्यांच्या गालिच्यावर सांडतोय हे लक्षातच आलं नाही.

सात मेला इल्गिझ मिंगालीविच स्वतः गाडी चालवत आले. सहासष्ट वर्षांचा धिप्पाड माणूस, हातात चकचक नावाच्या मधातल्या तातारी मिठाईचा डोंगराएवढा डबा. दारातच म्हणाले, "दोघांच्या वाटची पिणाऱ्याची मुलगी कोणती?"

"मी," फाइना म्हणाल्या. "पण मी चहाच घेते."

"मग आपलं जमलं."

टेबलावर दोन तारे ठेवले. इल्गिझ म्हणाले, परत धुवायला हवेत, बापांनी चुकीचे धुतले होते. बाईंनी ताबडतोब अट घातली: ह्या वेळी दोन वेगळे कप. वोडका नाही, कोमट चहा. आत टाकताना एकदा आणि बाहेर काढताना एकदा असे नंबर भिंगातून त्या स्वतः बघणार. वर एक कागदही तयार ठेवला होता: चुकून बदललेले तारे बाहत्तर वर्षांनी परत, खाली दोन सह्या.

"साक्षीदार म्हणून तुम्ही सही करा, बिनअपघात. दात मात्र मध्ये आणू नका."

फाइनाने कप उचलला, तळापर्यंत प्यायला आणि बापाचा तारा ओठांनी अलगद उचलला. बाईंनी नंबर वाचला. मी सही केली.

नऊ मेच्या सकाळी मी खिडकीत उभा होतो. फाइना येगोरोव्हना नातीबरोबर खाली आल्या. दोन्ही हातांनी फोटो उंच धरलेला. फोटोत येगोर तरुण आहे, कान जरा बाहेर आलेले, छातीवर काहीच नाही. फोटोच्या चौकटीला त्यांनी तो तारा घट्ट बांधला होता.

खिडकीखालीच शेजारीण भेटली. म्हणाली, "अगं, हे कोण? ह्यांना कधी पाहिलं नाही मी."

"माझे वडील," फाइना म्हणाल्या. "आणि तारा त्यांचाच आहे."