चालू प्रत

माझं आणि माझ्या सासऱ्यांचं पहिल्या दिवसापासून फारसं जमलं नाही. भांडण असं कधी झालं नाही, पण मी कपाट भिंतीला टेकवलं की ते चार बोटं पुढे ओढायचे आणि मी पुन्हा मागे ढकलायची. "भिंतीलाही हवा लागते," असं म्हणायचे. हे मी माहेरी इतक्यांदा सांगितलं की माझी धाकटी बहीण फोनवर आधी त्या कपाटाचीच खुशाली विचारायची.

बाबा, म्हणजे माझे सासरे, एका बांधकाम कंत्राटदाराच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. सगळा जन्म लोकांच्या घरांचे नकाशे काढण्यात गेला. दुसऱ्यांच्या घरात दार कुठे, खिडकी कुठे हे त्यांनी ठरवायचं, आणि स्वतःच्या घरात चहाचा डबा कुठे हेही त्यांना ठाऊक नसायचं, कारण घर सासूबाईंचं होतं.

त्यांच्या कामात एक नियम होता आणि तो ते घरी घेऊन आले होते. नकाशा बदलला तर जुना फाडायचा नाही, खोडरबरही चालवायचा नाही. चुकलेल्या जागी 'रद्द' लिहायचं, शेजारी सही करायची आणि नव्यावर 'चालू प्रत' असं लिहायचं. साइटवर फक्त चालू प्रत जाते. "दोन प्रती फिरल्या की एकाच जागी दोन भिंती उभ्या राहतात," हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी फ्रीजवर दूधवाल्यासाठी चिठ्ठी लावली आणि दुसऱ्या दिवशी बेत बदलला, तर संध्याकाळी त्या चिठ्ठीवर 'रद्द' आणि झोकदार सही. सासूबाई हसायच्या. "जित्याची खोड," एवढंच म्हणायच्या आणि म्हण अर्धीच सोडायच्या.

सासूबाई मार्चमध्ये वारल्या. दवाखान्यात, आम्ही सगळे जवळ असताना.

बाबा विसरायला लागले होते ते त्याच्या बरंच आधीपासून, पण आम्हाला पत्ता नव्हता. सासूबाईंनी ते झाकून ठेवलं होतं. बाबांनी विचारायच्या आत या उत्तर द्यायच्या, "चष्मा उशीखाली आहे", "आज रविवार, ऑफिस नाही." आम्हाला वाटायचं, बाई बडबडी आहे. ती गप्प झाली तेव्हा कळलं की बाबांची अर्धी आठवण तिच्याच तोंडात होती.

दिवसभर घरी कोणी नसायचं. मी एका दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते. पेशंटना वेळ देणं, फोन घेणं, डॉक्टरांची चिडचिड गिळणं हे माझं काम. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, आज या इमारतीत तर उद्या त्या. दुपारी शेजारच्या वहिनी डोकावून जायच्या, पण तेवढ्याने भागेना. मग नवऱ्याने एक टॅबलेट आणला आणि एक फाइल बनवली. तीच फाइल माझ्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर, तीच त्याच्या मोबाइलवर, तीच घरी जेवणाच्या टेबलावर. मी इथे टाइप केलं की तिथे बाबांसमोर उमटायचं. "आज बुधवार. जेवण झाकून ठेवलंय. गॅसला हात लावू नका. वहिनी दुपारी येतील." फाइलचं नाव काय ठेवायचं, असं विचारल्यावर बाबा म्हणाले, "चालू प्रत."

पण ती चालते कशी, हे काही त्यांच्या गळी उतरलं नाही.

"तू तिकडे लिहितेस. मग इथे कोण आणून देतं?"

"कोणी नाही बाबा. आपोआप येतं."

"आपोआप काही होत नसतं सूनबाई. कोणीतरी जिना चढतंच. आमच्याकडे शिपाई होता."

मी नाद सोडला. टॅबलेट म्हणजे त्यांच्या हातातला कागद, आणि तो कागद उचलून कोणी नेत नाही तोवर त्यावरचं त्यांच्यापाशीच, अशी त्यांची पक्की समजूत. पडद्यावर तिघांच्या तीन रंगांच्या बारीक उभ्या रेघा दिसायच्या, कोण कोणत्या ओळीवर आहे ते कळायला. माझी लाल, नवऱ्याची निळी, बाबांची हिरवी. त्यांना ओळीवर बोट ठेवून वाचायची सवय, त्यामुळे हिरवी रेघ त्यांच्या बोटामागून खाली सरकायची. आमच्या रेघा म्हणजे काचेवरचे ओरखडे असं समजून ते त्या रुमालाने पुसायचे.

सगळं घोडं अडलं ते एका प्रश्नावर. "ही कुठे आहे?"

पहिल्यांदा नवऱ्याने खरं सांगितलं. बाबांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मी होतो का तिथे?" होतात, बाबा. तुम्ही तिचा हात धरला होता. मग ते बराच वेळ आपल्या हाताकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, "ही कुठे आहे?" पुन्हा चष्मा टेबलावर, पुन्हा "मी होतो का तिथे?" माणसाची बायको एकदा मरते. यांची रोज मरत होती, आणि सांगायला बहुतेक वेळा मी असायची, कारण नवरा पहाटेच बाहेर पडायचा. मला ते सोसेना. सरळ सांगते, मला सोसेना. एका सकाळी कामावर पोचताच मी फाइलमध्ये लिहिलं, "आई त्यांच्या बहिणीकडे राहायला गेल्या आहेत. तिथे बऱ्या आहेत. काळजी नसावी."

नवरा संध्याकाळी माझ्यावर उखडला.

"बाबांना फसवतेस तू."

"मग तू सांग रोज. तू लिफ्टच्या खड्ड्यात असतोस, त्यांच्यासमोर मी असते."

"ते काय लहान मूल आहेत का? त्यांची बायको होती ती. त्यांना दुःख करायचा हक्क नाही?"

"एकदा. रोज नाही."

त्याचं चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही. त्याची आई गेली होती, आणि मी तिला बहिणीकडे पाठवून मोकळी झाले होते. घरात आमचं बोलणं कामापुरतं उरलं आणि खरं भांडण फाइलमध्ये सुरू झालं. मी लिहायची, तो पुसायचा, मी परत लिहायची. शेवटी तो थकला आणि माझी ओळ टिकली.

बाबा शांत झाले. जेवायला लागले. फक्त एक नवीन गोष्ट सुरू झाली. संध्याकाळी मी आत येऊन दाराला कडी घातली की ते उठून कडी काढून यायचे. सासूबाई बाजारातून यायच्या तेव्हा दोन्ही हात पिशव्यांनी भरलेले असायचे आणि त्या दार पायाने ढकलायच्या. कडी असली तर पंचाईत.

मग ती दुपार आली. नवरा एका जुन्या इमारतीत तळघराखालच्या खड्ड्यात काम करत होता. तिथे रेंज नसते. काय मनात आलं कुणास ठाऊक, तिथे बसून त्याने मोबाइलवर फाइल उघडली आणि लिहिलं, "बाबा, आई मार्चमध्ये वारली. तुम्ही तिच्याजवळ होता." रेंज नाही म्हणून ते तिथेच अडकून राहिलं. तो काम आटोपून वर आला, मोबाइलला रेंज मिळाली, आणि ती ओळ बरोबर माझ्या ओळीखाली येऊन बसली.

माझ्यासमोर एक बाई गाल धरून उभी होती. मी तिचं नाव लिहून घेताना नजर पडद्यावर गेली. दोन ओळी, एकीखाली एक. सासूबाई बहिणीकडे, आणि सासूबाई मार्चमध्ये वारलेल्या. पुसायला हात पुढे केला तोच हिरवी रेघ दिसली. बाबा वाचत होते. आता पुसलं असतं तर त्यांच्या डोळ्यांदेखत शब्द नाहीसे झाले असते. मी हात मागे घेतला.

हिरवी रेघ पहिल्या ओळीवर गेली. मग दुसऱ्या. पुन्हा पहिल्या. मग बराच वेळ कुठेच हलली नाही. मला इथे बसून त्यांचा टेबलावर काढून ठेवलेला चष्मा दिसत होता. त्यांना विचारायला तिथे कोणीसुद्धा नव्हतं.

मग अक्षरं उमटायला लागली. ते एका बोटाने टाइप करायचे, एकेक अक्षर शोधून. माझ्या ओळीच्या शेवटी त्यांनी लिहिलं, "रद्द." पुढे नावाचं पहिलं अक्षर, सही म्हणून.

मला वाटलं, संपलं. पण रेघ खाली उतरली आणि लिहीत राहिली.

"वरील रद्द मजकूर सूनबाईने माझ्यासाठी लिहिला आहे. मला कळले हे तिला कळू देऊ नये. तिला वाईट वाटेल. तिने विचारल्यास बहिणीकडे गेली असेच म्हणावे. रोज सकाळी हे आधी वाचणे. चालू प्रत. फक्त माझ्यापाशी."

गाल धरलेली बाई म्हणाली, "अहो, दुखतंय मला, तुम्ही का रडताय?"

संध्याकाळी मी घरी गेले तर टॅबलेट पालथा होता आणि त्यावर वर्तमानपत्र पसरलेलं. बाबांनी मला चपला काढू दिल्या, पाणी पिऊ दिलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ही बहिणीकडे रमली वाटतं."

"हो बाबा."

"रमू दे," ते म्हणाले.

मी दाराला कडी घातली. ते उठले नाहीत.

नवऱ्यानेही ते त्याच्या मोबाइलवर वाचलं होतं. जिन्यात बसून राहिला होता, बाबा झोपेपर्यंत वर आला नाही. आम्ही त्या फाइलमधलं एक अक्षर हलवलं नाही. अळीमिळी गुपचिळी, तिघांचीही. सकाळी मी दवाखान्यात पोचायची, कॉम्प्युटर लावायची आणि थोड्या वेळाने हिरवी रेघ यायची. सगळ्यात आधी त्या ओळींवर जायची, तिथे थांबायची, मग जेवणाच्या ओळीवर सरकायची. म्हणजे माझे सासरे रोज सकाळी एकटे बसून आपली बायको वारल्याचं नव्याने वाचत होते, आणि संध्याकाळपर्यंत चेहरा पुसून माझ्यासाठी तयार राहत होते. मी म्हणायची, "आज आईंचा फोन आला होता." ते म्हणायचे, "रमू दे." ज्या माणसाशी कपाटावरून माझी इतकी वर्षं ओढाताण चालली होती, त्याने माझ्यावर केवढी माया केली. मला ती फेडता येत नव्हती, बोलूनही दाखवता येत नव्हती. मी कपाट चार बोटं पुढे ओढून ठेवलं. त्यांच्या लक्षात आलं नाही.

थंडी पडायला लागली त्या सुमाराची गोष्ट. एका सकाळी हिरवी रेघ आली आणि त्या ओळींवर थांबलीच नाही. सरळ खाली जेवणापाशी गेली, तिथून आणखी खाली कोऱ्या जागेत, आणि तिथे नुसती उभी राहिली. मी स्वतःची समजूत घातली, भूक लागली असेल.

संध्याकाळी घरी आले. टॅबलेट टेबलावर उताणा पडलेला होता, वर्तमानपत्र बाजूला. मी दाराला कडी घातली आणि रोजच्यासारखं म्हटलं, "बाबा, आज आईंचा फोन आला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा एकदम उजळला.

"येते म्हणाली का?"

"येतील," मी म्हटलं.

ते टेबलाला धरून उठले, हळूहळू दारापर्यंत गेले आणि कडी काढून आले.