पापणीवरचा हिरवा ठिपका

घाटकोपरला आमच्या चाळीत एक रंगारीकाका राहत. त्यांच्या सदऱ्यावर साऱ्या गिऱ्हाइकांची दारं-खिडक्या सांडलेली असत. चेहऱ्यावर मात्र रंगाचा ठिपका सापडेल तर शपथ. कामावरून आले की चेहऱ्याला खोबरेल चोपडून ओट्यावर स्वस्थ बसत. आम्ही मुली हसायचो. "तेलाक वायच काम करूंदे," म्हणायचे.

एरवी इतका थंड माणूस की बायकोसुद्धा वैतागायची. पण कुणी टर्पेंटाइनने तोंड पुसताना दिसला की भडकत. "तोंड म्हणजे काय दरवाजो आसा?"

मला बघायला मंडळी येणार होती, त्या सकाळी खिडकी रंगवायची हौस मलाच आली. काकांकडून उरलेल्या हिरव्या रंगाचा डबा आणला, झाकण उचकटलं आणि रंग उसळून थेट तोंडावर. आई रॉकेलचं फडकं घेऊन धावली. काका मध्ये उभे राहिले.

तेल लावायचं, थांबायचं, मऊ धोतराच्या तुकड्याने अलगद टिपायचं, पुन्हा तेल. घासायचं नाही. शेवटी साबण आणि कोमट पाणी. दोन तासांत गाल स्वच्छ झाले. डाव्या पापणीवर, अगदी केसांच्या मुळाशी, एक ठिपका तेवढा राहिला.

"तेवढा काढा हो, चार वाजता माणसं येतायत," आई म्हणाली.

"नाय. तो दोन दिसांनी आपसूक जायत."

"आणि त्यांनी नकार दिला तर?"

"थळ दुसरा गावतला, वयनी. डोळो गावाचो नाय."

मुलाची आई चहा संपेपर्यंत माझ्या पापणीकडे बघत होती. आठवड्याने नकाराचं पत्र आलं. कारण लिहिलं नव्हतं, आम्ही ते ठरवून टाकलं. मुलगा मला मनापासून आवडला होता. ठिपका तोवर कधीच गेला होता. आईने काकांच्या घरी हळदीकुंकवाला जाणं सोडलं, आणि मी त्यांच्यासमोरून मान फिरवून जाऊ लागले.

पुढे मला दुसरं स्थळ मिळालं, संसारही चांगला झाला. पण त्याआधीच काका बिऱ्हाड हलवून मुलुंडला गेले. निघताना आमच्या दारात आले. "येतंय गे चेडवा," म्हणाले.

मी आत तांदूळ निवडत होते. ऐकलं, पण उठले नाही. ते थोडा वेळ थांबले असावेत. मग जिन्यावर त्यांची पावलं वाजली. त्यानंतर ते मला कधी भेटले नाहीत. त्या न उठण्याची लाज मला अजून वाटते.