हॅमर शॉपचा पोळा

नोटीस बोर्डावर कागद लावून मी खुर्चीत टेकतोय, तोच हॅमर शॉपचे सात-आठ जण केबिनच्या दारात हजर. तापलेलं लोखंड घणाखाली घडवणारी ही मंडळी. आवाज मोठा, मन मोकळं. सगळ्यांच्या पुढे किसन होता.

"साहेब, ह्यो आमचा पोळा न्हाई."

मी चिंचवडच्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होतो. कामगारांच्या रजा, भांडणं, नेमणुका सगळं माझ्या गळ्यात. सत्तरच्या दशकातली गोष्ट. राष्ट्रीय सुट्ट्या सरकारने ठरवलेल्या असतात. बाकी सणांच्या सुट्ट्या कंपनी आणि युनियन बसून ठरवतात, त्यांना फेस्टिवल हॉलिडे म्हणतात. त्या वर्षी युनियनने भांडून पोळ्याची सुट्टी मिळवली होती. कॅलेंडरात श्रावण अमावास्येला पोळा दिसला, मी नोटीस टाइप करून लावली. मी रत्नागिरीचा. आमच्याकडे गणपती आला की संपलं. पोळा एकच असतो अशी माझी समजूत होती.

"मग तुमचा कधी?"

"भादव्यातल्या आवसंला. मावळात तवाच असतोय."

मागून एक कोल्हापूरकडचा फिटर डोकावला. "आमचं बेंदूर आषाढातच झालं की! तवा कुणी सुट्टी दिली न्हाई."

एका बैलाला तीन तारखा. मला हसू आलं, पण किसन हसत नव्हता. बाकीचे गेले तरी तो तिथेच थांबला.

त्याचं गाव देहूच्या अलीकडे. बरीचशी जमीन कारखान्यात गेलेली, एक तुकडा आणि बैलजोडी राहिलेली. पोळ्याच्या मिरवणुकीत वेशीवरचं तोरण पहिल्यांदा त्याच्या घरची जोडी तोडायची. वडील गेले होते, भाऊ नव्हता.

"घरातल्या बाप्या मान्साला कासरा धरावा लागतो साहेब. मी न्हाई गेलो तर मान चुलत्याकडं जाईल. गेला का परत येत न्हाई."

"मग जा की."

"जाऊ कसा? पर्मनंट व्हायला अजून दोन महिने हायेत."

त्याचं म्हणणं खरं होतं. प्रोबेशनवरच्या माणसाला रजा नव्हती. न सांगता गैरहजर राहिला की कन्फर्म होत नसे, घरी जायचा. मी आवाज खाली करून म्हटलं, "आजारी पड."

"सणाला खोटं आजारपन? बैलांवर येतं त्ये."



मी वर्क्स मॅनेजरकडे गेलो. ते कोइमतूरचे, शिस्तीला कडक. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "हमारे यहाँ भी बैलों का दिन होता है. जनवरी में."

ही चौथी तारीख.

मी उपाय सांगितला. आमच्या पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांची वीज बंद, म्हणून साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. तिची अदलाबदल करायची कायद्यात सोय आहे. भाद्रपद अमावास्या मंगळवारी होती. त्या दिवशी हॅमर शॉप बंद ठेवायचं आणि त्याच आठवड्यातल्या गुरुवारी त्यांना कामावर बोलवायचं. घण चालणार नाहीत, पण भट्टीच्या विटा बदलायचं काम नाहीतरी भट्टी थंड असतानाच होतं.

"युनियन साइन करेगी तो करो. नहीं तो रूल इज रूल."

युनियनचे सेक्रेटरी ढगे परभणीचे, तिकडे पोळा श्रावणातच. पोळ्याची सुट्टी मिळवून आणली ती त्यांनीच. मी सगळं सांगून अदलाबदलीचा कागद पुढे केला, त्यांनी तो वाचलाही नाही.

"कामून सही करू, साहेब? आज हॅमर शॉपचा पोळा अलग, उद्या म्हणतील बोनस अलग. मग युनियन कशाची? एक कारखाना, एक पोळा."

"त्या पोराची नोकरी जाईल, ढगे."

"एका पोरासाठी हजार माणसं फोडू का?"

त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. पण चीड आली, ती आली.

श्रावण अमावास्येला कारखाना बंद राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ढगे माझ्या टेबलापाशी आले आणि न विचारता बसले.

"काय, झाला का पोळा?"

"कशाचा पोळा!" ते म्हणाले. "एका दिवसात परभणीला जाऊन येणं होतं का? म्हटलं, खोलीतच मातीचे बैल पुजू. सगळं चिंचवड पालथं घातलं. कुंभार म्हणतो, 'आत्ताच कुठं? पोळ्याला महिना हाय.' बायकोनं कणकेचे केले शेवटी. बाहेर येऊन बघतो तर गल्लीत कुणाला पत्ताच नाही. सण असल्यावानी वाटलंच नाही, साहेब."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. मग म्हणाले, "तो कागद काढा."

सही झाली.

भाद्रपद अमावास्येला किसनने मला आणि ढग्यांना रजा टाकायला लावून गावाकडे नेलं. बैलांची शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, वेशीवर माणसांची ही गर्दी. तोरणापाशी आल्यावर किसनने एका बैलाचा कासरा ढग्यांच्या हातात दिला. "धरा, भाऊ." चुलता बघत होता. जोडी तोरण तोडून पुढे गेली आणि ढगे बैलाच्या मानेवर हात ठेवून सगळ्यांदेखत रडले. 

गुरुवारी हॅमर शॉपने भट्टीच्या विटा बसवल्या. महिन्याअखेर किसन पर्मनंट झाला.

युनियनच्या पुढच्या निवडणुकीत ढगे पडले. त्यांना पाडलं ते त्यांच्याच मराठवाड्याच्या माणसांनी. आपला पोळा मावळ्यांना विकला, असा प्रचार झाला. मला वाईट वाटलं, तसं मी त्यांना बोललोही.

"जाऊ द्या हो," ते म्हणाले. "सेक्रेटरी असताना एकच पोळा होता. आता कंपनीचा एक आणि किसनाकडचा एक. रजेचा अर्ज आत्ताच घेऊन ठेवा."

अदलाबदलीची ती पद्धत मी होतो तोवर चालली. माझ्या जागी आलेल्या माणसाला मी एकच सल्ला दिला: सुट्टी कॅलेंडर बघून द्यावी, पण सण कधी ते कामगाराला विचारावं. त्याने मान हलवली आणि कॅलेंडर उघडलं.