मंदाआत्याचं गढूळ औषध

मंदाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, आमच्या प्रयोगशाळेत होते. तिचा मुलगा एवढंच म्हणाला, "ताई, आई गेली." त्याला आता पाच आठवडे होतील...

महाळुंगे पडवळला आत्यानं वीस वर्षं दूध संकलन केंद्र चालवलं. किटली उघडली की यंत्राआधी तिची नजर दुधात जायची. सख्ख्या जावेचं दूधही तिनं एकदा परत पाठवलं होतं. अंडाशयाच्या कॅन्सरवर उपचार सुरू झाले, तेव्हा ती माझ्याकडे राहायला आली. तिला द्यायचं औषध लायपोसोममध्ये भरलेलं होतं, आणि माझं कामच त्यावर. मी उत्साहानं समजावलं, की चरबीची अतिसूक्ष्म पिशवी असते, तिच्या पोटात औषध. ते गाठीत जास्त उतरावं आणि तुझ्या अधू हृदयाला झळ कमी लागावी म्हणून. आत्या म्हणाली, "गुंडाळून देत्यात म्हंजी काय तरी झाकायचं आसंल." मी हसले.

तिसऱ्या खेपेला नर्सनं औषधाची लाल पिशवी टांगली आणि आत्यानं हात मागं घेतला. "ह्ये आपलं न्हाई. मागलं गढूळ व्हतं, दुधात रंग पडल्यावानी. ह्याच्यातनं पलीकडचं दिसतंय."

"मावशी, नाव तेच आहे," नर्स म्हणाली.

मलाच लाज वाटली. "आत्या, घे ना लावून," मी म्हणाले. तिनं हात पदराखाली घेतला. "आदी डॉक्टरला बोलवा."

डॉक्टर आले, त्यांनी लेबल वाचलं. औषध तेच, पण साधं, लायपोसोमशिवायचं. पिशवी तशीच काढून नेली. दोन्हींच्या दिसण्यातला फरक मी विद्यार्थ्यांना शिकवते, आणि त्या दिवशी मी मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं. आत्या मला त्यावर कधी बोलली नाही. फक्त पुढच्या प्रत्येक खेपेला आधी स्वतः बघायची, मग मला बघायला लावायची.

वर्षभरानं आजार उलटला. शेवटची भेटले तेव्हा ती गावी, अंथरुणावर होती. नवा रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. गाठी वाढल्या होत्या.

"पोरी, औषध पोचतंय का गं आतवर?" तिनं विचारलं.

"पोचतंय," मी म्हणाले.

किटलीत बघायची तसं तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं." रिपोर्ट दाखव, असं काही ती म्हणाली नाही.