चित्रं समोरच्याकडे

आमच्या साडूंइतका घाबरट माणूस वाशीम जिल्ह्यात दुसरा नसेल. शेलूबाजारच्या जीपमध्ये बसले की ड्रायव्हरला ब्रेक लागतो का विचारतात, आणि लागतो म्हटलं तरी पाय आखडून बसतात. घराचं कुलूप ओढून बघतात, मग बायकोला ओढायला लावतात, आम्ही पोचवायला गेलेलो असलो तर आम्हालाही. असा हा माणूस जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे आणि सातवी-आठवीच्या मिसरूड फुटलेल्या पोरांना चित्रांची पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवतो. धड्याला बिचकणारी पोरं चित्र दिसलं की पुढे सरकतात, एवढ्या एकाच गोष्टीवर साडूंचा विश्वास आहे. बाकी सगळ्यावर संशय.

पुस्तक पोरांकडे तोंड करून धरायचं आणि आपण वरून मान वाकडी करून वाचायचं, ही त्यांची पद्धत. या सवयीपायी आता त्यांना काहीच स्वतःकडे धरता येत नाही. लग्नपत्रिकासुद्धा समोरच्याला दाखवत वाचतात. मालेगावच्या हॉटेलात मेनूकार्ड वेटरकडे करून धरलं, तर त्यानं ते अदबीनं परत नेलं आणि आम्ही चहावर भागवलं.

गेल्या हिवाळ्यात मात्र त्यांचा जीव खरोखर टांगणीला लागला. एका मुलीचा बाप शाळेत येऊन म्हणाला, "मास्तर, माही पोरगी आठवीत हाये. तिले बकरीचं पुस्तक काहून वाचून दाखवून राह्यले तुमी? शनिवारी येतो मी पाहाले." आता वाचन बंद पडणार, या धास्तीनं साडूंचं जेवण सुटलं. बकरीऐवजी वाघ घेतला तर चालेल का, असं त्यांनी मला फोनवर विचारलं. वाघानं पुस्तक आठवीचं होत नाही, असं मी म्हणालो, तर फोन बायकोकडे देऊन मोकळे झाले. शेवटी धीराला म्हणून शनिवारी मलाच वर्गात नेऊन बसवलं.

बाप दाराशी उभा होता, खांद्यावर रुमाल, कपाळाला आठ्या. साडूंचे हात इतके थरथरत होते की चित्रातली बकरी पळतेय असं वाटावं. विहिरीशी वाकलेल्या बकरीची शिंगं रहाटाच्या दोरात अडकली, त्या पानावर साडूंना दारातला बाप आठवला आणि वाचन थांबलं. पान काही उलटेना. ती मुलगी मान खाली घालून बसली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "पलटवा ना, मास्तर. शिंगं अडकले तिचे."

बाप केव्हाच पोरांमध्ये मांडी घालून बसला होता.

वाचन चालू राहिलं. पण यंदाच्या उन्हाळ्यात साडू निवृत्त होतायत, आणि नवीन काळजी लागलीय. "माह्या मांगं त्या बकरीले बाहेर कोन काढीन?" असं ते मला अगदी गंभीरपणे विचारतात.

परवा आमच्या ओसरीवर पेपर धरून बसले होते, अर्थात माझ्याकडे तोंड करून. माझं वाचून झालं होतं, पण मी तसं सांगितलं नाही. म्हटलं, धरू द्यावा अजून थोडा वेळ.